इंजिन बांधावं, बदलावं की गाडी सोडावी?

मी नारायणगावात बोअरिंगचं मशीन चालवतो. या कामात तीस वर्षं गेली. आमच्या दुकानात गाडी सहसा येत नाही. येतं ते गाडीचं इंजिन, आणि तेही खोललेलं. ओतूर, आळेफाटा, मंचर, घोडेगाव इकडचे मिस्त्री ब्लॉक, हेड आणि क्रँक गोणपाटात गुंडाळून आणतात आणि बाकावर ठेवतात. पाठोपाठ गाडीचे मालक येतात. बराच वेळ मशीनकडे बघत उभे राहतात आणि शेवटी विचारतात, "मिस्त्री, एवढ्या जुन्या गाडीवर पैसे घालू की नको?"

आज मी याच प्रश्नाबद्दल बोलणार आहे. माझं उत्तर चार शब्दांचं आहे. आधी मोजा, मग ठरवा. पण मोजायचं काय आणि कशासाठी, हे समजलं नाही तर त्या चार शब्दांचा उपयोग नाही. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

उदाहरण म्हणून आपण मारुती ८०० घेऊ. आपल्या भागात जुनी छोटी गाडी म्हटलं की आजही तीच डोळ्यांपुढे येते. पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. या तीस वर्षांत देशात पंचवीस लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. शहरातल्या माणसाने ती दहा वर्षं वापरून विकली आणि ती जुन्नर-आंबेगावात आली. इथे तिने शाळेत जाणारे गुरुजी नेले, टोमॅटोचे क्रेट नेले, दुधाचे कॅन नेले. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या गावांत शेवटची एसटी गेल्यावर अवघडलेली बाई दवाखान्यात न्यायची तर दारात उभी असलेली हीच गाडी कामाला येते. त्यामुळे तिचं 'इंजिनकाम निघालं' की घरात काळजी सुरू होते. नवी गाडी घेण्याची ऐपत नसते आणि जुनीवाचून अडतं.

आता इंजिनच्या आत काय चालतं ते पाहू. या गाडीला तीन सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा व्यास साडेअडुसष्ट मिलिमीटर. पिस्टन त्यात ७२ मिलिमीटर वर जातो आणि तेवढाच खाली येतो. तिन्ही सिलिंडरची जागा मिळून ७९६ सीसी भरते, म्हणून नाव आठशे. मिनिटाला तीन हजार फेरे या गतीने इंजिन चाललं, तर एकेक पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा वर आणि पन्नास वेळा खाली जातो. हिशेब करून पाहा. एका तासात तो सिलिंडरच्या आतल्या आत सुमारे २६ किलोमीटर चालतो. गाडी नारायणगावहून पुण्याला पोहोचेपर्यंत पिस्टनची स्वतःची वेगळी पायपीट झालेली असते.

एवढी धावपळ होऊनही पिस्टन सिलिंडरला घासून संपत नाही, कारण दोघांच्या मधे ऑइलचा पातळ थर असतो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट साधारण चार शतांश मिलिमीटर असते. आपल्या डोक्यावरचा केस त्याहून जाड असतो. जळणाऱ्या वायूचा दाब खाली निसटू नये आणि खालचं ऑइल वर जाऊ नये, ही दोन्ही कामं पिस्टनवरच्या रिंगा करतात. इंजिन 'गेलं' असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा ही फट बिघडलेली असते. लोखंड तेच असतं, माप हरवलेलं असतं. आणि इंजिन बांधणं म्हणजे हरवलेलं माप परत आणणं.

माप हरवतं कशामुळे? वय हे कारण आहेच. पण माझ्या दुकानात येणाऱ्या ब्लॉकवर मला दोन गोष्टींच्या खुणा जास्त दिसतात. पहिली धूळ. कच्चा रस्ता, पुढे चाललेला ट्रॅक्टर, कांद्याच्या हंगामात उडणारी माती. ही सगळी हवा इंजिन ओढून घेतं. एअर फिल्टर फाटलेला असला किंवा नळी सैल असली, तर मातीचा बारीक कण ऑइलच्या थरात मिसळतो आणि पॉलिश पेपरसारखं काम करतो. दुसरी गोष्ट उष्णता. रेडिएटरमध्ये विहिरीचं किंवा बोअरवेलचं क्षारांचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं की आत खपली धरते, जशी पाणी तापवायच्या बंबात धरते. मग माळशेजचा चढ चढताना काटा लाल रेषेला टेकतो. या इंजिनचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं आहे. अॅल्युमिनियम तापलं की जास्त पसरतं, आणि फार तापलं की हेड वाकतं. गाडी तापते म्हणून काही जण थर्मोस्टॅट काढून टाकतात. त्याने मूळ दोष जात नाही. उलट इंजिन हवं तेवढं गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि झीजही वाढते.

आता मुद्द्याचं. इंजिन खोलण्याआधीच ते पुष्कळ सांगतं. धुराचा रंग पाहा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तो कार्बोरेटरचा किंवा सेटिंगचा प्रश्न असतो, त्यासाठी इंजिन खोलायची गरज नाही. पांढरी दाट वाफ थांबतच नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटकडे बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण तिथेही फरक आहे. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केल्यावर निळा धूर येतो आणि मग थांबतो, किंवा उतारावर पाय सोडून पुन्हा दाबल्यावर भपकारा येतो, तर बहुधा व्हॉल्व्हचे रबरी सील कडक झालेले असतात. चढावर, ओझं असताना सतत निळा धूर येतो आणि ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर आतून फुंकर येते, तर रिंगा आणि सिलिंडर झिजलेले असण्याची शक्यता मोठी.

याची खात्री करायला कंप्रेशन गेज नावाचं साधं साधन आहे. प्लग काढायचा, तिथे गेज लावायचं, स्टार्टर मारायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्यायचा. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वर चढला, तर ऑइलने रिंगांची गळती तेवढ्यापुरती बुजवली, म्हणजे दोष रिंगांत किंवा बोअरमध्ये. चढला नाही, तर दोष वर, व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले, तर त्या दोघांमधलं गॅस्केट फुटलेलं असू शकतं. हे सगळं काम अर्ध्या तासाचं आहे.

या अर्ध्या तासाची किंमत सांगतो. आंबेगाव तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले होते. त्यांना एका ठिकाणी सांगितलं होतं, "गुरुजी, इंजिन संपलं. दुसरं टाकू." गुरुजी पेन्शनीतून पैसे काढायच्या तयारीत होते. मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही आयुष्यभर पोरांचे पेपर तपासल्याशिवाय कुणाला नापास केलंत का? मग इंजिनला का करता?" त्यांनी ओळखीच्या मिस्त्रीकडून कंप्रेशन तपासून घेतलं. तिन्ही आकडे चांगले निघाले. हेड उतरवून व्हॉल्व्ह घासले, सील बदलले, गॅस्केट नवं घातलं आणि धूर थांबला. ब्लॉक माझ्या मशीनवर चढलाच नाही. माझं गिऱ्हाईक गेलं, पण त्यांची पेन्शन वाचली.

पण बोअर खरंच झिजला असेल तर? मग ब्लॉक माझ्याकडे येतो. मी बोअर गेज घेऊन प्रत्येक सिलिंडर वर, मधे आणि खाली मोजतो. प्रत्येक जागी दोनदा, एकदा गाडीच्या लांबीत आणि एकदा आडवा. झीज सगळीकडे सारखी नसते. सगळ्यात जास्त वरच्या रिंगच्या जागी असते, कारण तिथे दाब आणि उष्णता सर्वांत जास्त आणि ऑइल सर्वांत कमी. शिवाय पिस्टन एका बाजूला रेलून चालतो, म्हणून गोल भोक हळूहळू लंबगोल होतं. समजा वर ६८.६१ मिलिमीटर आलं आणि खाली ६८.५१. फरक फक्त दहा शतांशांचा. पण व्यास वाढला की परीघ त्याच्या तिपटीहून थोडा जास्त वाढतो. म्हणजे वर गेल्यावर रिंगच्या तोंडातली फट तीस शतांशांहून जास्त उघडते आणि खाली आल्यावर मिटते. मिनिटाला हजारो वेळा.

म्हणूनच मी लोकांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. लंबगोल भोकात नव्या रिंगा घालून उपयोग नाही. रिंग गोल असते. अशा ठिकाणी ती दोन बाजूंना टेकते आणि दोन बाजूंना टेकत नाही. गाडी पहिले काही दिवस बरी वाटते, सहा महिन्यांत पुन्हा ऑइल पिते, आणि मालक म्हणतो, "इंजिन बांधूनही उपयोग झाला नाही." खरं तर त्याने इंजिन बांधलेलंच नसतं, फक्त रिंगा बदललेल्या असतात.

बरोबर रीत अशी. झिजलेला बोअर थोडा मोठा पण पुन्हा गोल करायचा. त्यासाठी पाव मिलिमीटर किंवा अर्धा मिलिमीटर मोठे पिस्टन आणि रिंगा बाजारात मिळतात. तिन्ही सिलिंडर एकाच मापाचे करायचे. पिस्टन आधी हातात हवेत, कारण प्रत्येक पिस्टन मोजून त्याला बेताची फट सोडायची असते. अर्धा मिलिमीटर वाढवला तर इंजिन ७९६ सीसीचं सुमारे ८०८ सीसी होतं. काही तरुण मुलं खुशीत विचारतात, "मामा, पिकअप वाढेल ना?" बारा सीसीने पिकअप वाढत नाही, गेलेला तेवढा परत येतो. बोअर त्यापलीकडे झिजला असेल, तर स्लीव्ह घालून पुन्हा मूळ मापावर आणता येतो.

बोअरिंगनंतर होनिंग. यात सिलिंडरच्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा पाडतात. भिंत आरशासारखी गुळगुळीत असावी असं लोकांना वाटतं, पण तसं नाही. त्या रेघांत ऑइल धरून राहतं आणि नव्या रिंगा भिंतीशी जुळून बसतात. त्यानंतरचं काम सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं आहे. ब्लॉक गरम पाणी आणि साबण लावून ब्रशने धुवायचा. नुसतं रॉकेल किंवा पेट्रोल मारून दगडाची बारीक पूड निघत नाही, रेघांत बसून राहते आणि नवीन रिंगा खाते. धुतल्यावर पांढरं फडकं फिरवायचं. ते काळं निघालं तर पुन्हा धुवायचं. मग लगेच ऑइल चोळायचं, नाहीतर गंज धरतो.

क्रँकचंही तसंच. तो मोजायचा. झिजला असेल तर ठरलेल्या मापावर घासायचा आणि त्या मापाच्या बेअरिंगा घालायच्या. हेड पट्टी लावून तपासायचं, वाकलं असेल तर प्लेन करायचं. गॅरेजमध्ये 'हाफ इंजिन' आणि 'फुल इंजिन' हे शब्द चालतात. पण हाफमध्ये नेमकं काय येतं हे दर दुकानात वेगळं असतं. कुणी क्रँक सोडून सगळं करतो, कुणी बोअरही सोडतो. म्हणून शब्दावर जाऊ नका, कागदावर यादी मागा. बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह, सील, गॅस्केट, ऑइल पंप, टायमिंग बेल्ट, यातलं काय नवं आणि काय जुनंच. आणि जुने सुटे भाग परत मागा.

यात आता एका गोष्टीची भर पडली आहे. २०२५ पर्यंत देशभर बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांचे रबरी पाइप आणि पडदे या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते, ते फुगू किंवा चिरू शकतात. इंजिन उतरवलेलंच आहे तर पेट्रोलचे पाइप नवे, चांगल्या प्रतीचे घालून घ्या. खर्च थोडा आहे आणि पेट्रोलची गळती म्हणजे आगीशी गाठ.

गाडी परत आल्यावर पहिले हजार किलोमीटर जपून चालवा. जपून म्हणजे उभी करून गुरगुरत ठेवू नका, त्याने रिंगा बसत नाहीत. एकाच वेगाने लांब पल्ला मारू नका, चारपाच जण भरून भीमाशंकरचा चढ चढू नका. वेग कमी-जास्त करत चालवा. पहिलं ऑइल लवकर बदला, कारण जुळताना निघालेला लोखंडाचा कीस त्यात असतो.

आता दुसरा मार्ग, इंजिनच बदलणं. ऐकायला सोपं वाटतं. पुण्या-मुंबईच्या भंगार बाजारातून इंजिन आणायचं, जुनं उतरवायचं, ते चढवायचं, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. पण त्यात दोन अडचणी आहेत. पहिली यंत्राची. ओम्नी गाडीचं इंजिन मारुती ८०० च्याच कुळातलं आहे, पण ओम्नीत ते सीटखाली उभं बसतं आणि मागची चाकं ओढतं. आठशेत ते बॉनेटखाली आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. म्हणजे भाऊ-भाऊ असले तरी एकाचा सदरा दुसऱ्याला बसत नाही. कार्बोरेटरच्या गाडीत इंजेक्शनचं इंजिन घालायचं, तर वायरिंग, कॉम्प्युटर आणि पेट्रोलचा पंपही बदलावा लागतो. झेनचं ९९३ सीसी इंजिन घालण्याची हौस काही जणांनी केली, पण ताकद वाढवली की ब्रेकचाही विचार करावा लागतो. शिवाय भंगारातल्या इंजिनचा बोअर तरी कुणी मोजला आहे? एक न मोजलेलं इंजिन काढून दुसरं न मोजलेलं घालणं, याला दुरुस्ती कसं म्हणायचं?

दुसरी अडचण कागदाची आहे आणि ती जास्त मोठी आहे. इंजिनचा नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच आरसी बुकात लिहिलेला असतो. तुम्ही बोअर केला, स्लीव्ह घातली, क्रँक घासला, तरी ब्लॉक तोच राहतो, नंबरही तोच. पण ब्लॉक बदलला की गाडीची ओळख बदलते. एके काळी अँबॅसिडरमध्ये मॅटाडोरचं डिझेल इंजिन सर्रास बसवलं जायचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हे २००० सालच्या दुरुस्तीने कडक झालं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं की, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. त्याच प्रकारचं इंजिन घालायचं तरी आधी परिवहन कार्यालयाची मंजुरी घ्या, आणि बदल केल्यावर चौदा दिवसांत आरसी बुकात नोंद करा. इंजिन कुठून आलं याची कागदपत्रं हवीत. ती नसतील तर ते चोरीच्या गाडीचंही असू शकतं.

ओळखीच्या एका शेतकऱ्याने असं बिनकागदाचं इंजिन घातलं. गाडी चार वर्षं उत्तम चालली. पंधरा वर्षं पुरी झाल्यावर पुन्हा नोंदणीसाठी नेली, तेव्हा तपासणीत नंबर जुळेना. विकणाऱ्याचं दुकान तोवर उठून गेलं होतं. गाडी चालू, इंजिन चांगलं, आणि रस्त्यावर आणायची सोय नाही. एखादा अपघात झाला असता तर विम्याचा प्रश्न वेगळाच.

या पुनर्नोंदणीचा विचारही आधीच करा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाचपाच वर्षांनी वाढते. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झालं, आणि अधिक जुन्या गाड्यांसाठी पुढे आणखी वाढलं. शिवाय पर्यावरण कर वेगळा. शेवटची मारुती ८०० सुद्धा २०२९ मध्ये पंधरा वर्षांची होईल. म्हणजे हा खर्च प्रत्येकाच्या दारात येणार आहे. तो इंजिनच्या खर्चात मिळवा.

आणि तिसरा मार्ग, गाडी सोडून देणं. यात कमीपणा नाही. मी मालकांना सांगतो, बॉनेट उघडण्याआधी गाडीखाली वाका. चाकांचे खांब जिथे बसतात ती जागा, दाराखालचे पत्रे, मागच्या सीटखालचा तळ यांना स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. पत्रा आत जात असेल तर नवं इंजिन कुजक्या घराला नवं दार लावल्यासारखं आहे. इंजिनला माप परत देता येतं, कुजलेल्या पत्र्याला देणं फार अवघड. अशी गाडी सरकारमान्य मोडतोड केंद्रात द्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर तिचे कागद कुणाच्या तरी दुसऱ्या गाडीला लागतील.

तर ठरवायचं असं. पत्रा शाबूत आहे का, कागद सरळ आहेत का, आणि पुढची पाच वर्षं तिची खरंच गरज आहे का? तिन्हींना 'हो' असेल, तर आधी कंप्रेशन मोजा, मग खोला, मग पुन्हा मोजा, आणि मापाप्रमाणे इंजिन बांधा. नंबर तोच राहील आणि गाडी तुमचीच राहील. एखाद्याला 'नाही' असेल तर मन घट्ट करा.

मिस्त्री कितीही ओळखीचा असो, त्याला एवढंच विचारा, "दादा, किती झिजलंय?" त्याने आकडा सांगितला तर त्याच्यावर विश्वास ठेवा. "पार गेलंय" एवढंच म्हणाला, तर चहा प्या आणि दुसरीकडे मोजून घ्या.